बिनआत्याचं बारसं

अड्याळ,
१ सप्टेंबर २०२४

डिंपल,

अन् वरून मले उषाबाईच्या मोबाईलमध्ये पाहावं लागलं. नात माझी, बारसं माझ्या नातीचं, अन् कार्ड आलं तिले, दवाखान्याच्या आशाताईले. नळावर दहा बायकांत ती म्हणे, काय वो रुखमाबाई, नातीचं नाव मोठं भारी ठेवून राहिले. मी हंडा धरून उभी, जशी मीच पाहुणी. गुलाबी फुलं, दोन हत्ती, अन् मधात नाव. निरामया.

माझा नंबर तू बंद करून ठेवला. फोन लावला का टुक टुक करते अन् तुटते. म्हणून हा कागद. चौथी शिकली मी, अक्षर वाकडं आहे, पण कागद मधातच कापता येत नाही. पूर्ण वाच.

वीरेंद्रले विचारलं. तो नागपूरहून म्हणते, आई, तू अन् डिंपल पाहून घ्या, मले ड्युटी आहे. बायको माहेरी सिहोऱ्याले, माय अड्याळले, अन् साहेब कंपनीत. मग त्यानं मोबाईलवरून मले वाचून दाखवलं. अर्थ अमुक, राशी वृश्चिक, शुभ रंग लाल, लोकप्रियता फार कमी. लोकप्रियता म्हणे. लेकराले का सरपंचाच्या निवडणुकीत उभं करायचं आहे? लाखात एकाचंबी हे नाव नसते, असं तो मोठ्या शेखीनं सांगत होता. नसते तर त्याले काही कारण असेल ना. बाजारात जी मच्छी कोणीच घेत नाही, ती ताजी असते का?

अथर्वच्या वेळेस मी तोंड शिवून बसली. तुम्ही केक आणला, केकवर नाव लिहिलं, फुगे टांगले, सगळ्या गावानं फोटो काढले. अकरा महिन्यांत गेला. मी तेव्हा काही बोलली नाही, बोलायची वेळ नव्हती. आता बोलते. हे लेकरू त्याच्या पाठीवर आलेलं आहे. अशा लेकराले चांगलं नाव ठेवत नसतात. सुपात घालून उकंड्यावर नेतात, शेणकचऱ्यावर ठेवतात, दुसऱ्या बाईनं उचलायचं, अन् मायनं पसाभर धान देऊन तिच्यापासून विकत घ्यायचं. मग नाव ठेवायचं उकंडी. जे कचऱ्यातून आणलं त्याच्याकडे मौत पाहत नाही. तू बीए झाली म्हणून हे खोटं होत नाही.

अन् नाव कानात सांगणार कोण? आत्या लागते. वीरेंद्र एकटा. आत्या आपल्याकडे नाही. मग तू तिथं कोणाले बसवून राहिली ते तरी कळव.

नाव बदल. उकंडी ठेव. कार्ड पुन्हा पाठव, अन् या वेळेस मले पाठव.

रुखमा
(तुझी सासू, विसरली असशील तर)

*

सिहोरा,
६ सप्टेंबर २०२४

ती. आईंना,
डिंपलचा नमस्कार.

पत्र मिळालं. पूर्ण वाचलं. तुमचा नंबर मी बंद केला ते चुकलंच, पण बाळंतपणाच्या चौथ्या दिवशी तुम्ही एकवीस वेळा फोन केला होता आणि एकवीसही वेळा एकच विचारलं, दूध उतरलं का. माझी आई म्हणाली की फोन बाजूला ठेव नाहीतर खरंच उतरणार नाही.

कार्ड तुम्हाला पाठवलं नाही कारण तुमच्या साध्या मोबाईलवर ते दिसत नाही. यांनी फोनवर सांगितलं असेल असं मला वाटलं. यांना वाटलं मी सांगितलं असेल.

आता नावाचं. निरामया म्हणजे जिला काही रोग नाही ती. तिला काहीही होऊ नये, एवढंच मला पाहिजे. पण खरं कारण वेगळं आहे आणि ते मी आईलासुद्धा सांगितलेलं नाही. आमच्या गल्लीत अथर्व नावाची तीन मुलं आहेत. दिवेलागणीला त्यांच्या आया दारातून हाका मारतात, अथर्व, घरी ये. तिन्ही पोरं धावत येतात. मी पाळण्याजवळ बसलेली असते आणि दोन वर्षं झाली तरी माझी मान वळते. म्हणून मोबाईलमध्ये लोकप्रियता फार कमी असं वाचलं तेव्हाच मी ठरवलं. असं नाव पाहिजे की ते दुसऱ्या कोणाच्या दारातून माझ्या कानावर येणार नाही. त्याच्या पुढचं मी लिहीत नाही. तुम्ही समजून घ्या.

उकंडी मी ठेवणार नाही. उद्या शाळेत हजेरी घेताना पोरं हसतील. आणि माझं लेकरू मी कचऱ्यावर ठेवणार नाही, घटकाभरसुद्धा नाही.

आत्या म्हणून आमच्या शेजारची रंजू बसणार आहे. तिनं साडीसुद्धा निवडून ठेवली. बारसं १५ तारखेला, रविवारी, पितृपक्षाच्या आधी. तुम्ही आणि बाबा दोघांनी या. तुमसरहून सिहोऱ्याला बस आहे, मी भावाला थांब्यावर उभा करते.

तुमची,
डिंपल

*

अड्याळ,
१० सप्टेंबर २०२४

डिंपल,

तीन अथर्वची गोष्ट वाचली. दोनदा वाचली.

तरी सांगते, हे नाव नको. उकंडी मी सोडते. जा, सोडली. परी ठेव, पिंकी ठेव, फिल्मवाल्या बायांचं ठेव, तुझ्या मायचं ठेव. मी एका शब्दानं बोलणार नाही. फक्त हे नाही. हे आपल्या घरात चालत नाही. काहून म्हणून विचारू नको, प्रत्येक गोष्टीले काहून नसते.

अन् एक सरळ सांगजो. हे नाव तुले दिलं कोणं? मोबाईलमध्ये हजारो नावं राहतात म्हणते, मग नेमकं हेच कसं निघालं? तिकडं कोणी आलं होतं का आमच्या जुन्या गावचं? कोणी म्हातारा, मास्तरकी केलेला? का आमच्या नात्यातल्या कोणी तुझ्या मायच्या कानात काही घातलं? खरं लिही. मले खोटं ओळखू येते.

नाव हेच राहणार असेल तर मी बारशाले येत नाही. तुझ्या भावाले थांब्यावर उभं करू नको, बिचारा उन्हात वाळेल.

रुखमा

*

सिहोरा,
१९ सप्टेंबर २०२४

ती. आईंना,
नमस्कार.

बारसं झालं. तुम्ही आल्या नाहीत. बाबाही आले नाहीत. लोकांनी विचारलं, मी सांगितलं आईंच्या पायाला लागलं आहे. तेव्हा महिनाभर लंगडत चाला, कोणी भेटलं तर.

नाव निरामयाच ठेवलं. तुम्ही विचारता ते सांगते, मला खोटं लिहायचं काही कारण नाही. कोणी म्हातारा आला नाही, कोणी कानात काही घातलं नाही. नाव यांनीच सुचवलं. नागपूरहून येताना बसमध्ये बसल्या बसल्या तोंडात आलं म्हणाले. मी विचारलं, कुठे ऐकलं? म्हणाले, माहीत नाही, लहानपणी शाळेत ऐकलं असेल. मग आम्ही दोघांनी मोबाईलमध्ये टाकून अर्थ पाहिला, राशी पाहिली. म्हणजे नाव मोबाईलनं दिलं नाही, मोबाईलनं फक्त होकार दिला.

रंजूनं पाळण्यात वाकून कानात नाव सांगितलं तेव्हा हे उठून अंगणात गेले. मागे जाऊन पाहिलं तर टाक्यावर तोंड धूत होते. मी म्हटलं, काय झालं? म्हणाले, धूर गेला डोळ्यात. आई, चूल मागच्या पडवीत होती.

तुमच्यासाठी लाडू ठेवले आहेत. कोणी येणारं असेल तर पाठवते.

डिंपल

*

अड्याळ,
२८ ऑक्टोबर २०२४

डिंपल,

सव्वा महिना लिहिलं नाही. कामं होती. तलावात शिंगाडे निघाले, तुझा सासरा दिवसभर पाण्यात अन् मी दिवसभर उकडत बसते, बोटं काळी झाली. वीरेंद्र दिवाळीले इकडून तिकडं येऊन राहिला, त्याच्या हातानं पिशवी देते. तू जास्त खाऊ नको, पोरीले सर्दी होईल. तुझ्या मायले दे.

त्याले मी नावाबद्दल काही विचारलं नाही. तूबी विचारू नको. तो दिवसभर इथं होता, जाळं शिवत बसला बापासोबत, काही बोलला नाही. कधीच बोलत नाही. लहान होता तेव्हा मोठा बोलका होता.

उषाबाईच्या मोबाईलवर पोरीचा फोटो पाहिला. कपाळ आपल्याकडचं आहे. डोळे पिवळे दिसते काय वो, का मोबाईलच तसा आहे? उजेडात नेऊन पाहजो.

आता ऐक, भांडत नाही. मोठं नाव कागदावर राहू दे, शाळेत राहू दे. घरात उकंडी म्हण. सगळ्यांसमोर नको म्हणू, तुले लाज वाटते तर. पाळण्याजवळ एकटी असली तेव्हा म्हण. कोणाले ऐकू जायची गरज नाही, ज्याले ऐकू जायचं त्याले जाते.

लाडू भेटले. साखर जास्त होती.

रुखमा

*

सिहोरा,
२० जानेवारी २०२५

ती. आईंना,
नमस्कार.

आधी एक सांगते, हसू नका. मी एकदा तिला उकंडी म्हणून पाहिलं. दुपारी, घरात कोणी नव्हतं. ती बोळक्या तोंडानं खूप हसली. मग मला रडू आलं आणि मी पुन्हा म्हटलं नाही.

आता ज्यासाठी लिहिते ते. आठ दिवस झाले, तिच्या दोन्ही हातांचे पंजे सुजले आहेत. आधी हात, मग पाय. बोटं पावासारखी फुगली. नुसतं पांघरूण लागलं तरी किंचाळते. आईला वाटलं मालिशवाल्या बाईनं ओढलं असेल, तिच्याशी भांडणही झालं. तुमसरच्या डॉक्टरांनी हात पाहिले आणि मालिशचं नाव काढलं नाही. रक्त काढून भंडाऱ्याला पाठवलं आहे. डोळे पिवळे आहेत हेही ते म्हणाले. तुम्ही दिवाळीतच लिहिलं होतं.

डॉक्टरांनी मला आणि यांना एकच गोष्ट तीनदा विचारली. घरात कोणाला असं झालं होतं का? कोणी लहानपणी गेलं होतं का? माझ्या आईनं आमच्या सगळ्या भावंडांची, मावश्यांची नावं घेतली. हे म्हणाले, आईला विचारावं लागेल. म्हणून विचारते. अथर्वच्या वेळी तुम्ही दवाखान्यात नाही म्हणाला होतात. तेव्हा घाई होती, सगळे रडत होते. आता शांतपणे आठवा. सासरचं, माहेरचं, दूरचं, कोणीही.

लवकर लिहा.

डिंपल

*

अड्याळ,
२५ जानेवारी २०२५

डिंपल,

नाही. आमच्याकडे कोणी नाही. आधीबी सांगितलं, आताबी सांगते.

नाव बदल. आजच्या आज बदल. मी तेव्हाच बोंबलून सांगत होती.

पंज्याले थंड पाणी लावू नको. मीठ तव्यावर गरम कर, जुन्या लुगड्यात पुरचुंडी बांध, आपल्या गालाले लावून पाहा, मग शेक. बोट दाबू नको, चोळू नको. पाणी पाजत राहा, वाटी वाटी. उताणी निजवू नको, पोट डाव्या अंगानं दुखते. डाव्या खांद्यावर घे, तोंड तुझ्या मानेत येईल असं, अन् चालत राहा. बसली का रडेल. चालताना पाठीवर हात ठेव, थापटू नको.

रुखमा

*

सिहोरा,
१७ फेब्रुवारी २०२५

आई,

रिपोर्ट आला. सिकलसेल आहे. मुलीला पूर्ण आहे, लाल कार्ड दिलं. माझ्यात अर्धा आहे, तो माहीत होता. यांच्यातही अर्धा निघाला. दोघांकडून आलं की लेकराला पूर्ण होतो. डॉक्टरांनी कागदावर चार गोल काढून दाखवले. त्यातला एक गोल पूर्ण काळा केला.

अथर्वलाही हाच असणार असं ते म्हणाले. साधा ताप नव्हता. वेळीच कळलं असतं तर तापाला थांबवायची औषधं असतात, लसी असतात. मी विचारलं, वाचला असता का? ते म्हणाले, आता त्याचा विचार करू नका. म्हणजे काय ते मला समजलं.

अथर्व पोटात होता तेव्हा माझं पिवळं कार्ड निघालं होतं. उषाताई तुमच्या दारात आल्या होत्या, नवऱ्याचं रक्त तपासा म्हणून. तुम्ही त्यांना परत पाठवलं. आमच्या घरात असलं काही नाही म्हणालात. मी आत भाकरी थापत होते, सगळं ऐकलं. बाहेर आले नाही. त्याचं पाप माझ्याकडे आहे, ते मी तुमच्यावर टाकत नाही.

पण दुसरं एक आहे. तुम्ही सांगितलं तसं केलं. मिठाची पुरचुंडी, डावा खांदा, तोंड मानेत. लगेच थांबली. इथल्या नर्सबाईंना माहीत नव्हतं, माझ्या आईला माहीत नव्हतं. आई, जे लेकरू तुमच्या घरात कधी नव्हतंच, त्याचं पोट कोणत्या अंगानं दुखतं हे तुम्हाला कसं माहीत?

हे नागपूरहून आले, मुलीचे हात पाहिले आणि दवाखान्याच्या फरशीवर बसले. म्हणाले, निरूचे हात असेच होते. मी म्हटलं, निरू कोण? म्हणाले, लहानपणीचं एक स्वप्न आहे, त्यात एक पोरगी आहे, मी तिला मासेमारीच्या डोंग्यात बसवतो आणि ती हात पाण्यात घालत नाही. तीस वर्षांचा माणूस, आई. त्याला वाटतं ते स्वप्न आहे.

दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी भंडाऱ्याला न्यायचं आहे असं सांगितलं. जन्मभर.

खरं लिहा. नाहीतर लिहू नका.

डिंपल

*

अड्याळ,
२४ फेब्रुवारी २०२५

डिंपल,

तुझं पत्र तीन दिवस डब्यात ठेवलं. आता लिहिते. मधात पाणी पडलं असेल कागदावर तर ते मटक्याचं आहे.

निरामया माझी पोरगी. वीरेंद्रच्या पाठची. सहा महिन्यांची झाली अन् तिचे पंजे सुजले. माझी सासू गोदावरीबाई म्हणाली, सुपात घाल, उकंडी ठेव. मी बावीस वर्षाची, चार बुकं शिकलेली, डोकं आभाळात. म्हटलं, माझं लेकरू मी कचऱ्यावर ठेवणार नाही. तू लिहिलं तसंच, शब्दाले शब्द. तिनं पंधरा दिवस माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. मी लेकरू काखेत मारून भय्याजी गुरुजीकडे गेली. म्हटलं, गुरुजी, असं नाव द्या का बिमारी जवळ येणार नाही, अन् पंचक्रोशीत कोणाचं नसेल. त्यांनी पाटीवर लिहून दिलं. मी रोज गिरवायची, चुकू नये म्हणून. त्या वेळेस मोबाईल नव्हता, पण लोकप्रियता मीबी पाहिली होती.

तीन वर्षं अन् दोन महिने जगली. वीरेंद्र तिले निरू म्हणे. डोंग्यात बसवे. पाण्यात हात घातला का तिचे हात दुखत, म्हणून तिच्या बदल्यात तो स्वतः हात घाले अन् सांगे, थंड आहे, थंड आहे. तो पाच वर्षाचा होता. मेल्यावर तो महिनाभर विचारत होता, मी त्याले म्हटलं, कोणी निरू नव्हती, तुले सपन पडलं. दरवेळेस म्हटलं. मग त्यानं विचारणं सोडलं. मले वाटलं, चला, इसरला.

मयताच्या दिवशी सासू म्हणाली, उकंडी ठेवली असती तर राहिली असती, तुझ्या नावानं मारली. स्वतः मरेपर्यंत म्हणत होती. मी मानलं. पंचवीस वर्षं मानलं. दवाखान्यात कोणाले बिमारी होती का म्हणून विचारत तेव्हा मी नाही म्हणे, अन् मले ते खोटं वाटत नव्हतं. बिमारी कोणाले होती? माझ्या हिशोबानं पोरगी नावानं गेली होती.

पण हेबी अर्धं झालं. तू खरं लिही म्हणाली. तुझ्या बापानं सोयरीक करताना विचारलं, लेकरं किती, मी म्हटलं एक. तेव्हा मले पक्कं माहीत होतं मी काय बोलून राहिली. मेलेलं लेकरू सांगितलं का लोक विचारतात कशानं, अन् मग पोराले पोरगी भेटत नाही. उषाबाई आली तेव्हा म्हटलं, माझा पोरगा भर पावसात नदी पोहून जाते, त्याले कायची तपासणी. तिले चहाबी विचारला नाही. लपवणं सोपं होतं. आमचं जुनं गाव धरणाच्या पाण्यात गेलं, शेजारी चार दिशेले पांगले, गुरुजी वारले. तिले नदीच्या काठावर पुरलं होतं, आता तिथं पाणी आहे. तुझा सासरा त्याच पाण्यावर जाळं टाकते. एका जागी तो डोंगा वळवून घेते. मी कधी विचारलं नाही, त्यानं कधी सांगितलं नाही.

परवा उषाबाईकडे गेली, चहा घेऊन. तिले विचारलं, उकंडी ठेवली असती तर? ती म्हणाली, रुखमाबाई, काहीबी ठेवलं असतं तरी हेच झालं असतं. मग मले आठवलं, माझ्या सासूचे स्वतःचे दोन पोरं लहानपणीच गेले होते. एकाचं नाव उकंडा होतं, दुसऱ्याचं फेकू. हे मले लग्न झाल्यापासून माहीत आहे. कधी जोडून पाहिलं नाही. तिनंबी नाही.

नावात काही नव्हतं हे ऐकून जीव हलका व्हायले पाहिजे होता. नाही झाला. नावानं गेली असती तर तुले नाव बदलून पोरगी वाचवता आली असती. आता काय बदलशील? अन् अथर्व माझ्या एका नाहीनं गेला. मले माफ कर असं लिहीत नाही. तू करू नको.

बारशाले आत्या नाही म्हणून रंजूले बसवलं. आत्या होती, डिंपल. तिचंच नाव तुम्ही लेकराच्या कानात सांगितलं. वीरेंद्र ते ऐकून उठून गेला अन् मी इथं बसून तुले विचारत होती का तुले कोणी सांगितलं.

नाव बदलू नको. आता तेच राहू दे. तुले पाहिजे होतं का दुसऱ्या कोणाच्या दारातून ते ऐकू येऊ नये. येणार नाही, मी सांगते. पंचवीस वर्षांत मले एकदाबी आलं नाही.

वीरेंद्रले हे पत्र तू वाचून दाखव. माझ्या तोंडातून निघणार नाही.

आता कामाचं. पहिला गुरुवार ६ मार्चले आहे. मले भंडाऱ्याले यायचं आहे. डॉक्टरसमोर उभी राहून मी माझ्या तोंडानं सांगीन, कोण कोण गेलं, कितव्या वर्षी, कसं. चार गोल काढतात तर त्यांच्या कागदावर आमच्या घरचेबी सगळे काळे गोल येऊ दे. अन् तुले दाखवीन, थंडीत काय करायचं, दात येताना काय होते, पोट फुगलं का हात कुठं ठेवायचा. मले या बिमारीतलं तीन वर्षं अन् दोन महिन्यांपर्यंत सगळं माहीत आहे. त्याच्या पुढचं मले काही माहीत नाही.

यायचं का नाही, तेवढं एका शब्दात लिही. बाकी काही लिहू नको. बुधवारी, ५ तारखेले, पोस्टमन दुपारी येते. तोपर्यंत मी दारात बसते. कागद नाही आला तर नको असं समजीन, अन् गुरुवारच्या बसमध्ये बसणार नाही.

रुखमा